रिपोर्ट पास आहे, तरी ड्रेन का तुटतो?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या को-जन (वाफ आणि वीज एकत्र तयार करणाऱ्या) विभागात काम करणाऱ्या तरुण इंजिनिअरचा हा प्रश्न आहे. कंडेन्सेट, म्हणजे वाफेचं पुन्हा झालेलं पाणी, बॉयलर हाऊसकडे परत नेणाऱ्या पंपाची ४ इंची डिलिव्हरी लाइन हंगामभर थरथरते. तिच्यावरचा पाऊण इंची ड्रेन (पाणी काढून टाकायची छोटी नळी) वेल्डपाशी चिरला, पुन्हा वेल्ड मारला, पुन्हा तिथेच चिरला. कन्सल्टंटचा स्ट्रेस रिपोर्ट मात्र स्वच्छ आहे. सगळे लोड केस पास, सर्वांत जास्त ताण परवानगीच्या ६२ टक्के. फिटर म्हणतात, "सायेब, लाइन लई हालतीया, मधी दोन सपोर्ट मारूया." तर रिपोर्ट चुकलाय का, आणि सपोर्ट मारावेत का?

रिपोर्ट बहुधा बरोबर आहे. फक्त त्याला जो प्रश्न विचारला होता त्याचं उत्तर त्याने दिलंय, आणि तुमचा प्रश्न वेगळा आहे. सपोर्टचं म्हणाल तर लागतीलही, पण कुठे आणि कसले हे मोजल्याशिवाय ठरवू नका. चुकीच्या जागी मारलेला सपोर्ट कंपन वाढवू शकतो. हे मी घाबरवायला सांगत नाही, खाली आकडे देतो.

आधी रिपोर्ट काय बघतो ते समजून घेऊ. पाइपचं, पाण्याचं, इन्सुलेशनचं वजन आणि आतला दाब हे सतत असणारे भार. त्यांच्यापासून येणारा ताण पाइप वाकला म्हणून कमी होत नाही, त्यामुळे तो कडक मर्यादेत ठेवावा लागतो. दुसरा भाग तापमानाचा. पाइप गरम होऊन वाढतो, त्याला अडवलं की ताण येतो, पण पाइप जरा सरकला, एखाद्या ठिकाणी किंचित वळला की हा ताण आपोआप उतरतो. म्हणून कोड (पाइपिंगची नियमसंहिता) इथे थोडा सढळ असतो आणि एका क्षणाचा ताण न बघता थंड ते गरम या पूर्ण फेरीतला फरक बघतो. तिसरे अधूनमधून येणारे भार: वारा, भूकंप, सेफ्टी व्हॉल्व्ह उडाल्यावरचा धक्का. कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप बघता आपल्या भागात भूकंपाची केस गाळून चालत नाही, आणि सहसा कुणी गाळतही नाही.

या सगळ्यात पंप चालू आहे ही गोष्ट कुठेच नाही. स्ट्रेस अॅनालिसिसच्या नेहमीच्या रिपोर्टमध्ये पंप म्हणजे एक अँकर पॉइंट, पक्की धरलेली जागा. तो फिरत नाही, थरथरत नाही, पाण्याला धक्के देत नाही.

आता फेऱ्यांचा हिशोब मांडा, म्हणजे फरक लगेच दिसेल. एएसएमईचा (अमेरिकेतल्या यंत्र अभियंत्यांच्या संस्थेचा) पाइपिंग कोड बी३१.१ असो की बी३१.३, तापमानाच्या ताणाची परवानगी पारंपरिकपणे ७००० फेऱ्यांवर बेतलेली आहे. रोज एकदा लाइन गरम-थंड झाली तरी १९ वर्षं होतात. साखर कारखान्यात तर हंगामात मोजक्याच वेळा लाइन पूर्ण थंड होते, म्हणजे तिथे आपण निवांत आहोत. पण तुमचा पंप ४ पोलच्या मोटरवर १४८० आरपीएमने फिरत असेल तर सेकंदाला २४.७ धक्के बसतात. एका दिवसात एकवीस लाखांहून जास्त. १२० दिवसांचा हंगाम धरला तर पंचवीस कोटींच्या वर. ७००० साठी दिलेली परवानगी पंचवीस कोटी फेऱ्यांना लावता येणार नाही, हे सांगायला सॉफ्टवेअर लागत नाही.

किती कमी होते परवानगी? कोडमध्ये फेऱ्यांसाठी कपातीचा गुणक आहे. वर्षानुवर्षं वापरात असलेल्या सूत्रात तो फेऱ्यांची संख्या फार मोठी झाली की ०.१५ वर येऊन थांबतो. ए१०६ ग्रेड बी या कार्बन स्टीलच्या साध्या पाइपसाठी बी३१.१ प्रमाणे तापमानाच्या ताणाची परवानगी १७५ मेगापास्कलच्या आसपास निघते. तिला ०.१५ ने गुणा, २६ उरतात. म्हणजे रिपोर्टमध्ये १७५ पैकी ६२ टक्के वापरलेली जी जागा आरामात दिसते, तिचा कंपनाच्या बाबतीत काहीही अर्थ लागत नाही. आणि हे सूत्र तरी कुठून आलं? १९४० आणि ५० च्या दशकात अमेरिकेत ए. आर. सी. मार्कल यांनी खरे पाइप, बेंड आणि टी मागेपुढे वाकवून, चीर पडून पाणी गळेपर्यंत चाचण्या केल्या. आज आपण ज्याला स्ट्रेस इंटेन्सिफिकेशन फॅक्टर (जोडापाशी ताण किती पटींनी वाढतो तो आकडा) म्हणतो त्याचा पाया तो आहे. साधा बट वेल्ड (दोन टोकं समोरासमोर जोडलेला) म्हणजे १, सॉकेट वेल्डचा (पाइप खोबणीत घालून जोडलेल्या सांध्याचा) फिलेट, म्हणजे कोपऱ्यातला वेल्ड, २.१ पर्यंत. तुमचा ड्रेन सॉकेट वेल्डचा असेल तर तीच थरथर तिथे बट वेल्डच्या दुप्पट भारी पडते.

तुटलेला ड्रेन अजून भंगारात गेला नसेल तर तो ताब्यात घ्या. चिरेचा पृष्ठभाग वायर ब्रशने घासू नका, रॉकेल किंवा थिनरने हलका धुवा आणि उन्हात तिरका धरून बघा. एका बाजूने सुरू होऊन शिंपल्यावर असतात तशा कमानी पुढे सरकत गेलेल्या दिसल्या आणि शेवटी एक लहान खडबडीत भाग दिसला, तर प्रकरण फटीगचं, म्हणजे वारंवार ताण बसून धातू थकण्याचं आहे. गुळगुळीत भाग मोठा आणि शेवटचा खडबडीत भाग लहान असेल तर ताण कमी होता पण फेऱ्या भरपूर झाल्या. चीर कुठे सुरू झाली तेही नीट बघा. बहुतेक वेळा ती वेल्ड जिथे संपून पाइपचं अंग सुरू होतं त्या काठावरून निघते, आणि ड्रेनच्या कोणत्या बाजूला निघाली यावरून तो कोणत्या दिशेने डोलत होता ते कळतं. उत्तर-दक्षिण डोलणाऱ्या ड्रेनची चीर पूर्व बाजूला सुरू होत नाही. हा एक तुकडा दहा पानी रिपोर्टइतकी माहिती देतो आणि तो आपण सर्रास फेकून देतो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता मुख्य अडचण. उष्णतेसाठी पाइप मोकळा हवा, कंपनासाठी धरलेला हवा. स्ट्रेस करणारा माणूस लूप टाकतो, स्प्रिंग लावतो, गाइडमध्ये (पाइपला बाजूला सरकू न देणाऱ्या सपोर्टमध्ये) फट ठेवतो, आणि लाइन लवचिक करत जातो. ती जितकी लवचिक, तितकी तिची नॅचरल फ्रिक्वेन्सी (टोला मारल्यावर ती सेकंदाला जितक्या वेळा आपोआप डोलते ती संख्या) खाली येते आणि यंत्राच्या धक्क्यांना ती तितकी सहज साथ देते. उलट कंपन थांबवायला निघालेला माणूस प्रत्येक ठिकाणी यू-बोल्ट आवळत जातो. ३० अंशांवर बसवलेली कंडेन्सेटची लाइन ११० ला जाते असं धरा. दोन आवळलेल्या जागांमध्ये सरळ पाइप असेल आणि जागा खरोखर हलत नसतील, तर ८० अंशांच्या फरकाने १९० मेगापास्कलच्या आसपास ताण येतो. ४ इंची शेड्यूल ४० (भिंतीची ठरलेली जाडी) पाइपच्या छेदावर तो जोर सुमारे चाळीस टन होतो. अर्थात चाळीस टन यायच्या आधी तुमचा यू-बोल्ट, चॅनल किंवा पंपाचा फ्लँज यांपैकी कुणीतरी हार मानतो. अंगठ्याचा नियम म्हणून लक्षात ठेवा: कार्बन स्टील पूर्ण जखडलं तर १०० अंशांच्या फरकातच ते यील्डपाशी (कायमचं वाकायला लागण्याच्या मर्यादेपाशी) पोचतं.

मग दोन्ही साधायचं कसं? यासाठी लागणारी माहिती त्या पास झालेल्या रिपोर्टमध्येच असते, पण बहुतेक लोक स्ट्रेसचा तक्ता बघून फाइल बंद करतात. डिस्प्लेसमेंटचा तक्ता उघडा. ऑपरेटिंग केसमध्ये प्रत्येक नोड (मॉडेलमधला बिंदू) तिन्ही दिशांना किती सरकतो ते तिथे असतं. ज्या नोडवर एखाद्या दिशेची थर्मल हालचाल एक मिलिमीटरच्या आत आहे, तिथे त्या दिशेने पाइप धरला तरी उष्णतेच्या हिशोबात फार फरक पडत नाही. कंपन जिथे जास्त मोजलं गेलं ती जागा आणि थर्मल हालचाल जिथे कमी ती जागा, या दोन्हींचा मेळ जिथे बसेल तिथे सपोर्ट. शिवाय सगळ्या दिशांनी धरायची गरज क्वचितच असते. लाइन आडवी डोलत असेल तर आडवी धरा, लांबीच्या दिशेने मोकळी सोडा. नवा सपोर्ट मॉडेलमध्ये टाकून सगळे केस पुन्हा चालवायचे, पंपाच्या नोझलवरचे (पाइप जोडायच्या तोंडावरचे) भार पुन्हा तपासायचे, आणि मगच वेल्डिंग मशीन बाहेर काढायचं.

फिटरने सुचवलेल्या "मधी दोन सपोर्ट" चा हिशोब करून बघू. ४ इंची शेड्यूल ४० पाइप, पाण्याने भरलेला, मीटरला साधारण २४ किलो. दोन्ही टोकांना नुसता टेकलेला ६ मीटरचा स्पॅन धरला तर पहिली नॅचरल फ्रिक्वेन्सी ७ हर्ट्‌झच्या जवळ येते. पंपाच्या २४.७ पासून ती बरीच दूर आहे. आता त्यातला एक सपोर्ट या स्पॅनच्या मधोमध मारला, स्पॅन ३ मीटर झाला. लांबी अर्धी केली की फ्रिक्वेन्सी चौपट होते, म्हणजे २७ हर्ट्‌झच्या थोडी वर. पंप २४.७ वर. दोन्हींत किमान २० टक्के अंतर असावं असं आपण म्हणतो, इथे ते ११-१२ टक्केच उरलं. बरी असलेली लाइन आपण स्वतःच्या हाताने रेझोनन्सच्या (धक्के आणि नॅचरल फ्रिक्वेन्सी जुळून कंपन भडकण्याच्या) तोंडाशी नेऊन ठेवली. तोच स्पॅन २.६ मीटरवर आणला तर ३६ हर्ट्‌झच्या पुढे जातो आणि धोका टळतो. प्रत्यक्षात टोकं पूर्ण मोकळीही नसतात आणि पूर्ण जखडलेलीही नसतात, बेंड असतात, व्हॉल्व्हचं वजन असतं, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे तुमच्या लाइनला लागू होणार नाहीत. पण चाळीस सेंटिमीटरने सगळं चित्र बदलू शकतं हे लक्षात आलं की "कुठेतरी मधी" हा शब्द साइटवरून हद्दपार होतो. पंपाला व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) बसवलेला असेल तर आणखी सावध राहा. तिथे धक्क्यांची फ्रिक्वेन्सी एका जागी थांबत नाही, वेग बदलला की ती एखाद्या स्पॅनवर जाऊन बसते. मग ऑपरेटर सांगतो की "४२ हर्ट्‌झवर ठेवलं की लाइन नाचते, ४५ ला गप्प होते". हे वाक्य ऐकलं की समजा, रेझोनन्स सापडला.

सपोर्ट कशाला मारताय हेही बघा. नेहमीचं दृश्य असं असतं: वॉकवेच्या चॅनलला एक मीटर लांबीचा ५०×५०×६ चा अँगल वेल्ड करून बाहेर काढलाय आणि त्याच्या टोकावर पाइप यू-बोल्टने बांधलाय. तो अँगल टोकाला एक मिमी वाकवायला ८ किलोच्या आसपास जोर पुरतो. ६ मीटरचा ४ इंची पाइप मधोमध एक मिमी हलवायला १३-१४ किलो लागतात. म्हणजे ज्याला धरायचं तोच धरणाऱ्यापेक्षा ताठ. असा सपोर्ट वजन उचलेल, कंपन नाही थांबवणार, उलट पाइपबरोबर वॉकवे पण थरथरायला लागेल. तिरका टेकू द्या, कॉलमच्या जवळ जा, शक्य असेल तर पंपाच्या फाउंडेशनपासून वेगळ्या काँक्रीट पेडेस्टलवरून वर या. मॉडेलमध्येही हीच गफलत होते. स्ट्रेसचं सॉफ्टवेअर सीझर टू असो वा ऑटोपाइप, सपोर्टची ताठरता भरली नाही तर सॉफ्टवेअर तो जवळजवळ पूर्ण कडक धरतं आणि नॅचरल फ्रिक्वेन्सी काढणाऱ्या मोडल अॅनालिसिसमध्ये फ्रिक्वेन्सी खऱ्यापेक्षा वर दिसते.

गाइडची फट हा असाच दुसरा मुद्दा. ड्रॉइंगप्रमाणे गाइडला दोन्ही बाजूंनी ३ मिमी फट असते. २५ हर्ट्‌झचं कंपन ०.१ मिमीचं असतं. त्या कंपनाच्या लेखी गाइड तिथे नाहीच. थर्मलसाठी आणि भूकंपासाठी तो गाइड योग्य आहे, पण थरथर थांबवायची असेल तर फट शिमने (पातळ पत्र्याने) भरलेली, लांबीच्या दिशेने सरकू देणारी पकड हवी. सपाट क्लॅम्प आणि पाइप यांच्यात योग्य तापमानाचं लाइनर घालून केलेली पकड साध्या यू-बोल्टपेक्षा कितीतरी चांगली. यू-बोल्ट सैल असला की खडखडतो आणि पाइपला खाचा पाडतो, घट्ट आवळला की नकळत अँकर बनतो.

मोजायचं कसं? हंगाम चालू असेल तर आत्ताच मोजा, पंप थांबला की संधी गेली. चुंबकाचा सेन्सर असलेलं साधं व्हायब्रेशन मीटर बहुतेक कारखान्यांत बेअरिंगसाठी असतंच, फक्त ते पाइपला कुणी लावत नाही. प्रत्येक बेंडला, स्पॅनच्या मध्यावर, व्हॉल्व्हवर आणि ड्रेनच्या टोकाला, तिन्ही दिशांना आकडा घ्या. आकडा पीक (सर्वोच्च) आहे की आरएमएस (एक प्रकारची सरासरी) ते लिहून ठेवा, नाहीतर पुढे सगळा घोळ होतो. गरम लाइनवर सेन्सरची तापमानाची मर्यादा बघा. आणि नुसता एकूण आकडा पुरेसा नाही, स्पेक्ट्रम (कोणत्या फ्रिक्वेन्सीला किती कंपन याचा आलेख) हवा. सगळा जोर २४.७ वर असेल तर फेरीच्या गतीचा धक्का, म्हणजे अनबॅलन्स किंवा अलाइनमेंट. पाच पात्यांचा इम्पेलर असेल आणि १२३ हर्ट्‌झला शेंडा दिसला तर पाती पाण्याला मारतायत. ठरावीक शेंडा नसून ५ ते १५ हर्ट्‌झमध्ये नुसता गोंधळ दिसत असेल तर प्रवाहाचा खळबळाट, बहुधा थ्रॉटल केलेला व्हॉल्व्ह. त्यानंतर पंप बंद करून, लाइन भरलेली ठेवून, लाकडी हातोड्याने पाइपवर टोला मारून नॅचरल फ्रिक्वेन्सी मोजा. ती चालू स्थितीतल्या शेंड्यावर येऊन बसली की रोगाचं निदान झालं.

मर्यादा म्हणून काय धरायचं? अणुऊर्जा केंद्रांच्या पाइपिंगसाठीच्या एएसएमई ओएम भाग ३ मधला १२.७ मिमी प्रति सेकंद पीक हा आकडा प्राथमिक चाळणी म्हणून सोयीचा आहे. त्याच्या आत असलं तर बहुतेक मुख्य पाइपची काळजी नाही. वर असलं तर लगेच पाइप फुटेल असं नाही, तर खोलात जाऊन ताण मोजायची वेळ आली. एक गोष्ट मात्र डोळ्यांवर सोडू नका. १२.७ चा वेग ५ हर्ट्‌झला असेल तर पाइप मधल्या जागेपासून ०.४ मिमी सरकतो, २५ हर्ट्‌झला फक्त ०.०८. लांबलचक लाइन हळू डोलताना सगळ्यांना दिसते आणि तिच्यासाठी मीटिंग होतात. ड्रेनचा तो ०.०८ मिमीचा थरथराट कुणालाच दिसत नाही आणि तुटतो तोच.

आता तुमच्या ड्रेनकडे येतो, कारण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर मला तिथेच दिसतंय. पाऊण इंची शेड्यूल ८० चा निपल, त्याच्या टोकाला ३ किलोचा व्हॉल्व्ह, आणि वेल्डपासून व्हॉल्व्हच्या वजनाच्या मध्यापर्यंत अर्धा मीटर. इन्सुलेशनच्या बाहेर हात पोचावा म्हणून इतकी लांबी ठेवलेली असते. अशा ड्रेनची फ्रिक्वेन्सी कागदावर २७ हर्ट्‌झ येते. वेल्डची आणि मुख्य पाइपच्या भिंतीची लवचिकता धरली तर आणखी खाली, म्हणजे नेमकी पंपाच्या २४.७ च्या आसपास. मुख्य लाइन अगदी मर्यादेत थरथरत असली तरी हा ड्रेन ती थरथर कित्येक पटींनी मोठी करून आपल्या वेल्डवर घेतो. मुख्य लाइनला कितीही सपोर्ट मारले तरी तो तुटतच राहील. हेच अंतर १५० मिमीवर आणा, फ्रिक्वेन्सी १६० च्या पुढे जाते आणि फेरीच्या धक्क्यापासूनही सुटका होते, पाच पात्यांच्या १२३ पासूनही. हलका व्हॉल्व्ह मिळाला तर आणखी उत्तम.

लांबी कमी करणं शक्यच नसेल तर ड्रेनला दोन दिशांनी टेकू द्या, आणि तो टेकू मुख्य पाइपवरूनच घ्या. मुख्य पाइपला क्लॅम्प बांधून त्यावरून व्हॉल्व्हपर्यंत दोन पट्ट्या. जवळच्या चॅनलला किंवा जमिनीला ड्रेन बांधायचा मोह फार होतो, कारण ते सोपं आहे. पण मुख्य लाइन गरम होऊन सरकते, ड्रेन मात्र चॅनलला धरलेला, आणि मग पहिल्याच गरम फेरीत वेल्ड ओढला जातो. सॉकेट वेल्ड करताना पाइप आत टेकवून १.६ मिमी मागे घ्या आणि मगच वेल्ड करा. फिलेटचा पाइपच्या बाजूचा पाय दुप्पट लांब ठेवा, काठ ग्राइंड करून मऊ उतरता करा. एवढ्या साध्या गोष्टीने सॉकेट वेल्डचं फटीगचं आयुष्य चांगलंच वाढतं. फुटलेल्या जागी नुसता वेल्डवर वेल्ड चढवणं म्हणजे ताठरता तीच, वजन जास्त आणि काठ आणखी खडबडीत.

बेलोज (घड्यांचा लवचिक जॉइंट) लावून कंपन तोडावं असं कुणी सुचवेल, सुचवतातच. पंपाजवळ रबर जॉइंट योग्य ठिकाणी चालतो, पण दाबाचा जोर विसरू नका. ३०० मिमी परिणामी व्यासाच्या बेलोजला १० बारचा दाब सात टनांनी फाकवतो. टाय रॉड (बेलोजला फाकू न देणारे दांडे) नसतील तर ते सात टन थेट पंपाच्या नोझलवर. इंग्लंडमधल्या फ्लिक्सबरो इथे १ जून १९७४ ला झालेला स्फोट याच अज्ञानातून झाला. एक रिअॅक्टर काढून दोन बेलोजच्या मध्ये २० इंची कोनात वळलेला तात्पुरता पाइप बसवला होता. त्याचा आराखडा वर्कशॉपच्या जमिनीवर खडूने काढला होता, बाजूच्या जोराचा हिशोब कुणी केला नव्हता. २८ माणसं गेली.

तुमच्या मेन स्टीम लाइनबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण को-जनमध्ये आहात म्हणून सांगतो. ४८५ अंशांच्या वाफेची अलॉय स्टील लाइन मीटरला सहा मिमीहून जास्त वाढते, ३० मीटरला १८५ च्या पुढे. ही वाढ स्प्रिंग हँगरांच्या जिवावर चालते. ऑफ सीझनमध्ये लाइन थंड असताना प्रत्येक स्प्रिंगच्या पट्टीवरचा काटा कुठे आहे त्याचा मोबाइलवर फोटो काढा, हंगामात पूर्ण भारावर पुन्हा काढा. काटा हललाच नसेल तर बहुतेक वेळा लॉक पिन तशीच राहिलेली असते, कधी त्यावर रंगही मारलेला असतो. पिन लागलेली स्प्रिंग म्हणजे कडक सपोर्ट, आणि रिपोर्ट तर ती मोकळी धरून पास झालाय. मग टर्बाइनचं अलाइनमेंट गरम झाल्यावर का बिघडतं याची उत्तरं भलतीकडेच शोधली जातात. बॉयलर अग्निप्रदीपनानंतर लाइन गरम करतानाचा पहिला तास ड्रेन उघडे ठेवा. साचलेलं पाणी वाफेच्या वेगाने बेंडवर आदळलं की त्याचा धक्का कोणत्याही स्थिर केसमध्ये बसत नाही. पाण्याच्या लाइनमध्येही तेच: प्रवाहाचा वेग एकदम १ मीटर प्रति सेकंदाने तुटला तर दाब १२ बारच्या आसपास उसळतो. पंचगंगेकाठच्या उपसा योजनांवर वीज गेल्यावर एनआरव्ही (पाणी उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) आदळल्याचा आवाज ज्याने ऐकलाय त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. आणि स्टीम किंवा फीड लाइनमध्ये वेल्डिंगचा बदल करणार असाल तर ते आयबीआरखाली (भारतीय बॉयलर नियमांखाली) येतं. बाष्पके संचालनालयाची मंजुरी आणि प्रमाणित वेल्डर, दोन्ही आधी.

शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीवाल्यांना हाच त्रास रेसिप्रोकेटिंग कॉम्प्रेसरच्या हवेच्या लाइनवर होतो, पण तिथे कारण निराळं असू शकतं. ७४० आरपीएमचा डबल अॅक्टिंग कॉम्प्रेसर सेकंदाला २४.७ वेळा हवा ढकलतो. त्या हेडरला ३.६ मीटरच्या आसपास लांबीची बंद टोकाची शाखा असेल तर आतली हवाच रेझोनन्समध्ये येते, आणि बाहेरून कितीही धरलं तरी पाइप थांबत नाही. तिथे शाखेची लांबी बदलणं किंवा रिसीव्हरच्या तोंडाशी ओरिफिस प्लेट (भोकाची चकती) घालणं हे सपोर्टपेक्षा स्वस्त आणि खात्रीचं.

तुमच्यासाठी क्रम असा ठेवा. पहिल्यांदा ड्रेनची लांबी आणि व्हॉल्व्हचं वजन मोजून कमी करा, ही कामं एका शटडाउनच्या दिवसात होतात. पंपाचं अलाइनमेंट आणि फाउंडेशन बोल्ट त्याच दिवशी बघून घ्या. दुसऱ्या दिवशी पंप चालू करून मुख्य लाइनचे आकडे आणि स्पेक्ट्रम घ्या. मुख्य लाइन १२.७ च्या आत असेल तर नवे सपोर्ट मारूच नका. बाहेर असेल तर आकड्यांचा तक्ता, टोल्याच्या चाचणीची फ्रिक्वेन्सी, प्रत्यक्ष सपोर्टांचे फोटो आणि खऱ्या मापांचा आयसोमेट्रिक (लाइनचं तिन्ही दिशा दाखवणारं ड्रॉइंग) घेऊन कन्सल्टंटकडे जा. त्यांना सपोर्टची खरी ताठरता, गाइडच्या खऱ्या फटी आणि प्रत्येक स्पॅनवर पुरेसे नोड घालून मोडल अॅनालिसिस करायला सांगा. मॉडेलची पहिली फ्रिक्वेन्सी तुमच्या टोल्याच्या आकड्याशी जुळेपर्यंत पुढचा कोणताही सपोर्ट मान्य करू नका.